चालीवर दोघांची सही

४ मार्च

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. तुमचा पत्ता मला एका नोटिशीच्या तळाशी मिळाला, म्हणून लिहिते आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझे वडील अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करतात. हे काम येणारी माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून त्यांचं काम मी मोबाईलवर टिपते आणि इंटरनेटवर टाकते. भाता कसा शिवायचा, बसलेली पट्टी कशी उठवायची, असं. चौदा व्हिडिओ करायचे ठरले आहेत, अकरा झाले. पाहणारे साडेतीनशेच्या आसपास, पण ते मन लावून पाहतात.

प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी एक चाल लावली होती. वडिलांच्या जुन्या कॅसेटवरची, दुसऱ्या बाजूची तिसरी. अ‍ॅकॉर्डियन आणि व्हायोलिन. गेल्या आठवड्यात कळवण्यात आलं की या संगीतावर हक्क तुमचा आहे, आणि अकराही व्हिडिओंचा आवाज बंद झाला. त्यातलं अ‍ॅकॉर्डियन वडिलांनीच वाजवलेलं आहे, त्यामुळे परवानगी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय मी फक्त वीस सेकंद वापरलं होतं आणि खाली कॅसेटचं नावही दिलं होतं.

मी दुसरं मोफत संगीत शोधून मोठ्या स्पीकरवर ऐकवलं. वडील म्हणाले, "हे दातांच्या दवाखान्यात वाजतं. तीच चाल लाव, नाहीतर काहीच नको." आवाज बंद झालाय हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. काल त्यांनी अख्खा व्हिडिओ पाहिला आणि "छान झालाय" म्हणाले. त्यांचं असंच असतं, लक्ष सगळं हातांकडे.

परवानगीसाठी काय करावं लागेल, कृपया कळवावे.

आपली नम्र,
एक दुरुस्तीवाल्याची मुलगी


१२ मार्च

श्रीमती,

पत्र मिळालं. उत्तरं क्रमानं देतो.

वीस सेकंद वापरलं काय आणि दोन वापरलं काय, परवानगी लागतेच. खाली नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. माझं घर न विचारता वापरलंत आणि दारावर माझ्या नावाची पाटी ठेवलीत, तर मी आभार मानीन का?

एका गाण्यात दोन हक्क असतात. एक चालीचा, एक त्या ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही माझ्याकडे आहेत. ध्वनिमुद्रण कंपनीचं होतं. ती बंद पडली तेव्हा मी ते माझ्या नावावर लिहून घेतलं. एका गादीच्या जाहिरातीत ही चाल न विचारता वाजली, तेव्हापासून माझ्या पुतणीनं कॅसेटवरच्या सगळ्या चाली नोंदवून ठेवल्या आहेत. आवाज मी हातानं बंद केलेला नाही. व्हिडिओंच्या साइटवरच्या यंत्रानं चाल ओळखली.

तुमच्या वडिलांनी वाजवलं आहे हे मला माहीत आहे. वाजवणं म्हणजे मालकी नव्हे.

परवानगी देऊ शकत नाही. कारण हवं असेल तर वडिलांना विचारा, बसच्या पायरीवर चाळीस मिनिटं उभा राहिलेला माणूस आठवतो का.

आपला,
हक्कधारक


१७ मार्च

माननीय महोदय,

विचारलं. तुमचं पत्र वडिलांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "गज्या अजून तिरकंच लिहितो."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्ही आणि बाबा नऊ वर्षं एकत्र वाजवत होतात. तुमच्या व्हायोलिनच्या गजावरून तुम्ही गज्या आणि भात्यावरून ते भात्या. घरात या नावांनी कधी कुणाची आठवण निघाली नव्हती. चाळीस दिवसांचा दौरा होता, तुम्ही बसच्या पायरीवर थांबलात, बाबा आलेच नाहीत, आणि दौरा मोडला. का गेला नाहीत, असं बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. सगळे व्हिडिओ काढून टाक."

मी काढलेले नाहीत. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. बाबांची फुप्फुसं थकली आहेत. जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबतात आणि भिंतीचा रंग तपासल्यासारखं करतात. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत, पण त्यांनी ते मनात मोजले असावेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. तीन व्हिडिओ उरलेत. तेवढे त्यांना त्यांच्या चालीसकट बघता आले तर बरं, एवढंच.

मी तेव्हा दोन वर्षांची होते, म्हणजे तुम्ही मला पाहिलं असणार. तुम्हाला काका म्हणायचा हक्क मला आहे, की त्यालाही परवानगी लागते, तेही कळवा.

तुमची,
भात्याची मुलगी


२६ मार्च

चि. मुली,

काका म्हणायला परवानगी लागत नाही. मी तुला पाहिलं आहे. तू व्हायोलिनच्या पेटीत झोपायचीस आणि तालीम संपली तरी तुला उठवायची कुणाची हिंमत व्हायची नाही.

पुतणीच्या मोबाईलवर तुझे व्हिडिओ पाहिले. आवाज नसलेले. रागावून पाहायला बसलो होतो. भात्या म्हातारा झाला. पेचकस अजून तसाच धरतो, भाकरी उलथायला निघाल्यासारखा.

पण एक गोष्ट मला कळली नाही, आणि ती कळेपर्यंत मी बाकी काही लिहू शकत नाही. सातव्या व्हिडिओत तो पट्टी दाबतो आणि हनुवटी लाकडाला टेकवतो. आठव्यात परत तेच. अकराव्यात डोळे मिटून, किती तरी वेळ. सूर जुळला की नाही हे माणूस कानानं बघतो. हा हनुवटीनं का बघतोय? आमच्या वेळी तो असं करत नव्हता.

त्याला विचार. मी विचारतोय असं सांगूनच विचार.

तुझा,
गज्याकाका


३१ मार्च

काका,

तुमचं पत्र बाबांना दाखवलं. आज सकाळी म्हणाले, कागद घे. पुढचं सगळं त्यांच्या तोंडचं आहे, मी फक्त लिहून घेतलं.

"गज्या,

तुला उशिरा का होईना दिसलं. हिला तेहेतीस वर्षांत दिसलं नाही. तिला वाटतं मी लक्ष देत नाही.

माझे वरचे सूर गेले. कॅसेट झाली त्या वर्षीच जायला लागले होते. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग तुझी बारीक तार. तुझा गज हलताना दिसायचा, ऐकू काही यायचं नाही. शेवटचे दोन महिने मी तुझ्या कोपराकडे बघून वाजवत होतो. तू म्हणायचास, भात्या, हल्ली काय सुरेख साथ करतोस. मला रडू यायचं.

दौऱ्याला आलो असतो तर चार दिवसांत तुला कळलं असतं. तू मला सांभाळून घेतलं असतंस. जाहीर केलं नसतंस, हळू वाजवलं असतंस, लोकांशी भांडला असतास. तेच मला नको होतं. त्या दिवशी मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभा होतो. तुला पायरीवर बघत होतो. चाळीस मिनिटं नव्हती ती, पन्नास होती.

खालचे सूर मोठ्यानं वाजले की अजून येतात, समोरचं बोलणं येतं, मोबाईलमधलं काही येत नाही. बाकीचं लाकडातून कळतं. दुरुस्तीला तेवढं पुरतं. ती चाल मी पूर्ण ऐकलेली शेवटची आहे, म्हणून लावायची होती. दुसरं कारण नाही.

तुझा भात्या"

काका, हे लिहून घेताना मला दोनदा थांबावं लागलं. आवाज बंद झालेला व्हिडिओ त्यांनी का ओळखला नाही, ते मला आज कळलं. इतकी वर्षं मी त्यांना म्हणत आले, बाबा, तुमचं लक्ष कुठे असतं.

तुमची,
भात्याची मुलगी


१४ एप्रिल

भात्या, गाढवा,

पन्नास मिनिटं समोर उभा होतास आणि रस्ता ओलांडता आला नाही तुला?

तुझ्या मुलीच्या पत्राचं उत्तर थेट तुलाच लिहितोय, नाहीतरी तू वाचशीलच. पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. पुतणीला वाटलं पोट बिघडलं. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की भात्यानं मला फसवलं. इतकं सांगितलं की ती गोष्ट मला पाठ झाली, त्यात मी दोनचार वाक्यं माझ्या पदरची पण घातली.

आता माझं ऐक. त्या चालीच्या नोंदीत संगीतकार म्हणून एकट्या माझं नाव आहे. कंपनी बंद पडली, कागद समोर आले, मी रागात होतो. दोन रेघा होत्या. एकीवर माझं नाव लिहिलं आणि दुसरी कोरी सोडली. पहिला अर्धा भाग तुझा आहे हे मला ठाऊक होतं, आहे. तू मला काही विचारलं नाहीस, मी तुला नाही. पण चोरी माझी आहे.

सोबत परवाना आहे. चौदाही व्हिडिओंना, कायमचा, शुल्क नाही. पुतणीनं यंत्रालाही कळवलंय, आवाज दोन दिवसांत परत येईल.

आणि हा छोटा पेनड्राइव्ह. नीट वाच, भात्या. मी ती चाल पूर्ण सप्तक खाली आणली. माझा सगळा भाग जाड तारेवर बसवला. बारीक तारेला हातच लावलेला नाही. बोटं नव्यानं बसवायला नऊ दिवस लागले. या वयात बोटं ऐकत नाहीत, आणि खाली आणल्यावर चाल वेगळीच दिसते, जड, थोडी म्हातारी. पण मोडत नाही. तुझा भाग मोकळा ठेवलाय, तिथे मी नुसता थांबलोय. मोठा स्पीकर लाव, हनुवटी टेकव, आणि ऐक. तुला ऐकू आलं पाहिजे म्हणून केलंय. दुसऱ्या कुणासाठी नाही.

कसं वाटलं ते कळव. खोटं बोलू नकोस.

गज्या


२२ एप्रिल

काका,

पाकीट मिळालं. परवाना मिळाला. व्हिडिओंचा आवाज परत आला.

बाबांनी ऐकलं. दोनदा ऐकलं. स्पीकर कामाच्या टेबलावर ठेवला होता, त्याला हनुवटी लावून. आलं का ऐकू विचारलं तर मान हलवली. थकले होते, फार बोलले नाहीत.

तब्येत बरी नाही, म्हणून ते स्वतः लिहीत नाहीत.

तुमचे किती आभार मानू.

तुमची,
भात्याची मुलगी


२९ एप्रिल

चि. मुली,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. दूधवाल्यालाही सांगून झालं. त्याला काय कळणार, पण तो "वा" म्हणाला.

मान हलवली, एवढंच लिहितेस? अगं, मला सगळं सांग. दुसऱ्या ओळीत मी गज उलटा फिरवलाय, तिथे तो हसला असणार, कारण ती खोडी त्यानंच मला सुचवली होती. मोकळ्या जागेत त्यानं बोटं वाजवली का टेबलावर? तुझं लक्ष नसेल तर पुन्हा लाव आणि बघ. मी रोज सकाळी खिडकीपाशी वाजवतो, तो समोर बसलाय असं धरून. माझा भाग संपला की थांबतो, त्याला त्याची जागा देतो, मग पुढे.

आता कामाचं. सोबत नोंद दुरुस्त करायचा अर्ज आहे. संगीतकार दोघे, असं लिहून मी सही केलीय. दुसरी रेघ भात्याची. पुतणीनं चौकशी केली, सही त्याच्याच हातची हवी, तारखेसह. हात कापत असेल तर कापू दे, कापरी सही चालते. हे झालं की ती चाल जगात कुठेही कुणीही वापरो, परवानगी दोघांकडे मागावी लागेल. मी मेलो तरी त्याला, तो गेला तरी तुला.

माझा गुडघा दुखावलाय, त्याची पट्टी दोन आठवड्यांत सुटते. मग मी येतो. त्याला आधी सांगू नकोस.

तुझा,
गज्याकाका


१० मे

काका,

हे पत्र बसून वाचा.

बाबा ९ एप्रिललाच गेले. तुमचं पाकीट १७ तारखेला आलं.

तेरावा व्हिडिओ चालला होता. सकाळी अकराच्या सुमारास. खिडकीतून टेबलावर उजेड बरा येत होता आणि मी मोबाईल पुढे-मागे करत होते. त्यांनी भाता पूर्ण ओढला, आणि मिटलाच नाही. "थांबव," म्हणाले. मला वाटलं, चुकलं असेल, परत करायचं असेल. मी म्हटलं, असू दे बाबा, नंतर कापू. तेवढ्यात ते टेबलावर टेकले. मोबाईल चालूच राहिला. ते मी अजून पाहिलेलं नाही.

ज्या दिवशी पाकीट आलं, त्या दिवशी मी त्यांचे कपडे घडी करत होते. पोस्टमनला बाबांच्या ऐवजी मीच सही दिली. पत्र वाचलं. "खोटं बोलू नकोस" हे वाचलं. तुम्ही नऊ दिवस बोटं बसवलीत. पाच दिवस मी रोज लिहायला बसले, की बाबा नाहीत, आणि रोज तो कागद फाडला. मग एक दिवस मी लिहिलं की त्यांनी ऐकलं. लिहून झाल्यावर मला क्षणभर तसंच झाल्यासारखं वाटलं.

पेनड्राइव्ह मी लावलेला नाही. एकदाही नाही. मला ते ऐकण्याचं धाडस नाही.

मग तुमचा अर्ज आला. काका, मी बाबांची सही गिरवून पाहिली. जुन्या पावतीच्या मागे, अकरा वेळा. अकरावी इतकी जमली की मीच दचकले. अर्जावर पेन टेकवलं होतं. पण त्यांचं काही त्यांना न विचारता वापरायचं नाही, हे मला तुम्हीच पहिल्या पत्रात शिकवलं होतं, आणि आता मला त्यांना विचारता येत नाही.

अर्ज कोरा परत पाठवते आहे. तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन.

भात्याची मुलगी


१६ मे

मुली,

पत्र १३ तारखेला मिळालं. बसूनच वाचलं. बराच वेळ उठलो नाही.

आधी राग आला, तो लिहून टाकतो. तू मला मान हलवणारा भात्या दाखवलास. मी त्याच्याशी बोलत होतो, खिडकीपाशी त्याच्यासाठी थांबत होतो, आणि तिथे कुणी नव्हतं. माणसाशी असं करू नये. परत कुणाशी करू नकोस.

आता दुसरं. तुझं पत्र २५ एप्रिलला आलं होतं. २५ एप्रिल ते १३ मे, अठरा दिवस. एकतीस वर्षांत तेवढेच अठरा दिवस मी सुखात होतो. ते खोट्यावर होते हे आता कळलं, पण झाले ते झाले. ते मी परत करणार नाही. तू मागूही नकोस.

त्यानं "थांबव" म्हटलं, तर तेरावा व्हिडिओ थांबव. तो कुणाला दाखवू नकोस. बारावर संपू दे.

अर्ज नव्यानं पाठवतोय. दुसऱ्या रेघेवर त्याचं नाव छापून घेतलंय, आणि पुढे लिहिलंय, मयत, वारस म्हणून मुलगी. तिथे सही तुझी, तुझ्या स्वतःच्या नावानं, नीट, घाई न करता. सोबत मृत्यूचा दाखला जोड. पुतणी म्हणते तीन आठवड्यांत नोंद बदलेल. इतकी वर्षं ती रेघ कोरी होती, त्या मानानं लवकर.

पहिला परवाना आहे तसा आहे. पेनड्राइव्हवरचं मात्र त्यात धरू नकोस. ते व्हिडिओत लावायचं नाही, कुणाला ऐकवायचं नाही. त्याची परवानगी कुणालाच नाही. एकाच माणसासाठी केलं होतं आणि माझा हात आठ दिवस उशिरा चालला, की टपाल, की काय, मला आता मोजायचं नाही.

व्हायोलिन पेटीत ठेवलंय. गुडघ्याची पट्टी सुटली, पण आता तिकडे येऊन कुणाला भेटू?

गज्याकाका


२२ मे

काका,

सही केली. माझ्याच नावाची. पहिल्याच फटक्यात नीट आली. दाखला जोडला आहे.

बारावा व्हिडिओ काल टाकला. खाली लिहिलं: चाल दोघांची, वापर परवानगीनं. साडेतीनशेपैकी एकानं विचारलं की तेरावा कधी. मी लिहिलं, एवढेच आहेत.

पेनड्राइव्ह याच पाकिटात परत पाठवते आहे, कापडात गुंडाळून. मी ऐकलेलं नाही.

तुम्ही इथे येऊ नका. मीच येते. दुकानातून शनिवारची रजा घेतली आहे, सकाळच्या बसनं निघते, दुपारपर्यंत पोहोचेन. व्हायोलिन काढायची गरज नाही. नुसतं बसू. तुम्हाला बाबांचं जे विचारायचं असेल ते विचारा. या वेळी जे झालं तेवढंच सांगेन.

तुमची,
भात्याची मुलगी